मेट्रोजवळची आमची गल्ली आणि बायकांच्या सूचना



गेले दोन महिने आमच्या गल्लीत एकच विषय आहे. भाजीच्या गाडीपाशी तोच, स्वाध्यायानंतर मंदिराच्या पायरीवर तोच आणि रात्री घरात पुन्हा तोच. पुनर्विकास! तुमच्यापैकी बऱ्याच जणींचे फोन आले की आमच्याकडेही हेच सुरू आहे, काहीतरी लिहा. म्हणून आज स्वयंपाकघर थोडे बाजूला ठेवून या विषयावर लिहिते आहे. मी बी.कॉम. केले त्याला चाळीस वर्षे झाली. नोकरी केली नाही, पण हिशोबाची वही कधी सोडली नाही. या दोन महिन्यांत तीच वही फार उपयोगी पडली.

आधी आमची परिस्थिती सांगते. आम्ही पुण्यात कोथरूडला, पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला राहतो. गल्लीत एकमेकींना लागून चार सोसायट्या आहेत. प्रत्येकीत २४ घरे, खाली पार्किंग, वर तीन मजले, लिफ्ट नाही. आम्ही राहायला आलो तेव्हा मागे शेते होती. गल्लीच्या टोकाला आपले छोटे जिनमंदिर आहे आणि चारही प्लॉटच्या मध्ये एक जुनी विहीर आहे. विहिरीबद्दल पुढे सांगतेच.

६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे कॉलेज अशी मेट्रो सुरू झाली. १ ऑगस्ट २०२३ पासून ती रुबी हॉलपर्यंत जाऊ लागली. माझी सून पूर्वी दुचाकीवरून घामाघूम होऊन यायची, ती आता मेट्रोने येते आणि येताना गाडीत पुस्तक वाचते. तेव्हा मेट्रो नको असे म्हणणाऱ्यांतली मी नाही, हे आधीच सांगते.

मेट्रो आली आणि तिच्यामागोमाग एफएसआय आला. हा शब्द सगळे पुरुष तोंडावर फेकतात, म्हणून सोपा करून सांगते. एफएसआय म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. प्लॉट हजार चौरस मीटरचा असेल आणि एफएसआय २ असेल, तर सगळे मजले मिळून दोन हजार चौरस मीटर बांधता येते. केंद्र सरकारने २०१७ साली मेट्रोसारख्या वाहतुकीच्या आसपास दाट वस्ती व्हावी असे धोरण आणले. आपल्याकडच्या नियमांतही मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत जास्त एफएसआय देण्याची तरतूद आहे. तो कमाल ४ पर्यंत जातो. जास्तीचे बांधकाम फुकट नसते, त्यासाठी प्रीमियम भरावा लागतो.

यामागचा विचार मला पटतो. मेट्रोवर एवढा पैसा खर्च झाला, तर तिच्याजवळ जास्त माणसांनी राहावे, पायी स्टेशनला जावे, रस्त्यावर गाड्या कमी याव्यात. शहर असे उंच वाढले नाही तर ते आडवे पसरते. मग मुळशी-मावळाकडच्या शेतांवर आणि टेकड्यांवर घरे चढतात. तिथे राहणाऱ्यांना रोज दोन-दोन तास प्रवास करावा लागतो. आपली चार शेते वाचवायची असतील, तर कुठेतरी दाटीने राहावेच लागेल.

पण इथे एक मेख आहे. एका बिल्डरच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापले होते, ‘मेट्रोजवळ ४ एफएसआय’. ते वाचून आमच्या खालच्या मजल्यावरचे भाऊ तर आताच्या दुप्पट घर मिळणार म्हणून पडद्यांची मापे घ्यायला निघाले होते! प्रत्यक्षात किती एफएसआय मिळणार, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटच्या आकारावर ठरते. ४ हा आकडा रुंद रस्त्यावरच्या मोठ्या प्लॉटला मिळतो. आमच्या गल्लीतल्या एकेका सोसायटीला तो मिळणार नव्हता. म्हणून चारही सोसायट्यांनी एकत्र यायचे आणि मोठ्या रस्त्यावर तोंड काढायचे, असे ठरू लागले. प्राथमिक आराखडा आला तो असा: २१ मजल्यांचे तीन टॉवर, एकूण ३४० घरे. आज ९६ आहेत.

चारही समित्यांनी मिळून एक गोष्ट फार चांगली केली. आराखडा आमच्या वॉचमनच्या खोलीबाहेर लावला, शेजारी एक पेटी ठेवली आणि पंधरा दिवसांत लेखी हरकती व सूचना मागवल्या. सभासदांच्याच नव्हे, घरातल्या कोणाच्याही. शेजारच्या बंगल्यांच्या आणि मंदिराच्या ट्रस्टच्याही.

आठवड्याने मी सहज विचारले, तर पेटीत ११ कागद आले होते. सगळे पुरुषांचे. त्यातले ९ कागद पार्किंगबद्दल.

याचे कारण मला वहीत सापडले. सहकारी संस्थेत एका घराला एक मत असते, आणि शेअर सर्टिफिकेटवर ज्याचे नाव पहिले त्याचे ते मत. आमच्या ९६ घरांपैकी फक्त १७ घरांत पहिले नाव बाईचे आहे, आणि त्यातल्या बहुतेक जणी पतीच्या मागे सभासद झालेल्या आहेत. म्हणजे ज्यांना दिवसाचे चोवीस तास त्या घरात काढायचे, पाणी कधी येते आणि कचरा कधी जातो हे ज्यांना माहीत, त्यांना मतच नाही. मग त्यांना वाटते, आपल्याला कोण विचारतो? पण सूचना लिहायला मत लागत नव्हते. कागद आणि पेन लागत होते.

गुरुवारी दुपारी आम्ही मंदिराच्या सभागृहात जमलो. सुरुवातीला नऊ जणी होत्या, चहा होईपर्यंत तेवीस झाल्या. आपल्या समाजाच्याच असे नाही, गल्लीतल्या सगळ्याच. मी एकच नियम घातला. ‘आम्हाला टॉवर नको’ किंवा ‘टॉवर छान आहे’ असे लिहायचे नाही. काय अडचण आहे, का आहे आणि त्यावर काय करावे, अशी तीन वाक्ये लिहायची. नुसत्या रागाच्या कागदाला उत्तर देता येत नाही, म्हणून तो बाजूला पडतो.

पहिला विषय अर्थातच पाणी. मी फळ्यावर हिशोब मांडला. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरायचे असा सरकारी निकष आहे. आज ९६ घरे, घरटी चार माणसे, म्हणजे ३८४ माणसे. दिवसाला ५१,८४० लिटर. उद्या ३४० घरे, १,३६० माणसे. दिवसाला १,८३,६०० लिटर. फरक झाला १,३१,७६० लिटरचा. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर रोज तेरा टँकर! सभागृहात एकदम शांतता झाली. आजच उन्हाळ्यात आम्ही महिन्याला चार-पाच टँकर मागवतो. पुण्याला पाणी येते ते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून. इमारती उंच झाल्या म्हणून धरणे उंच होत नाहीत. तेव्हा सूचना लिहिली: महापालिकेकडून वाढीव पाण्याची जोडणी किती आणि केव्हा मिळणार, हे लेखी आल्याशिवाय करार करू नये. सांडपाणी शुद्ध करून फ्लशसाठी वापरण्याची वेगळी पाइपलाइन पहिल्या दिवसापासून असावी. पावसाचे पाणी नुसते कागदावर न मुरवता कुठे मुरवणार ते नकाशात दाखवावे.

दुसरा विषय पार्किंगचा, पण उलट्या बाजूने. पुरुषांच्या नऊ कागदांत मागणी होती की प्रत्येक घराला दोन गाड्यांची जागा हवी. माझी सून म्हणाली, ‘आई, मेट्रो जवळ आहे म्हणून जास्त घरे बांधायची परवानगी मिळाली, आणि त्या घरांना दोन-दोन गाड्या? मग मेट्रोने जाणार कोण?’ तिचे म्हणणे बिनतोड होते. ती घरातून स्टेशनला सहा मिनिटांत पोचते. मला गुडघ्यामुळे चौदा मिनिटे लागतात. त्यातली पाच मिनिटे फुटपाथवरून खाली उतरून पुन्हा चढण्यात जातात, कारण कुठे विजेची पेटी, कुठे उखडलेली फरशी, कुठे लावलेल्या दुचाक्या. आम्ही लिहिले की एका घराला एक गाडी पुरे, आणि प्रकल्पाच्या समोरच्या बाजूला दीड-दोन मीटर जागा सोडून सलग, सपाट फुटपाथ करावा. आजी नातवाचा हात धरून चालू शकेल एवढा.

तिसरा विषय काम करणाऱ्या माणसांचा. आमच्या गुलमोहराखाली इस्त्रीवाले दादा वीस वर्षे बसतात. सकाळी कामाला येणाऱ्या बायकांना आमच्या चारही इमारतींत मिळून एक स्वच्छतागृह नाही. त्या आपापल्या ताईंच्या घरी विचारून जातात किंवा कळ सोसतात. ३४० घरे झाली तर दीड-दोनशे माणसे रोज कामाला येतील. नकाशात जिम आहे, क्लबहाऊस आहे, पण इस्त्रीचे टेबल नाही आणि कामवाल्या बायकांना स्वच्छतागृह नाही. ही सूचना आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी सुचवली आणि त्यांच्या मुलीने लिहिली. पेटीतला सगळ्यांत नेटका कागद तोच होता.

आता थोडा नाजूक विषय. आपल्या समाजातल्या एका ताईंनी उभे राहून सांगितले, ‘एवढी अडीचशे नवी घरे येणार, त्यात कोण येईल काय सांगता येते? आत्ताच लिहून टाकू या, घरे फक्त शाकाहारी लोकांनाच विकावीत.’ बऱ्याच माना डोलल्या. तुमच्यापैकी अनेकींच्या मनातही हेच येईल, म्हणून मी काय म्हणाले ते सविस्तर लिहिते.

मी म्हणाले, ताई, तुमची काळजी मला कळते. जिन्यात वास आला की मलाही त्रास होतो. पण हिशोब बघा. आपल्याला नवे घर, भाडे, कॉर्पस हे सगळे कुठून मिळणार? बिल्डर ती २४४ घरे बाजारात विकणार त्यातून. गिऱ्हाईक कमी केले की भाव उतरतो आणि मग आपले वाढीव क्षेत्र कमी होते. हे झाले पैशाचे. दुसरे असे की माझा मुलगा नोकरीसाठी परगावी घर शोधत होता, तेव्हा तीन ठिकाणी त्याला आडनाव ऐकून नाही म्हणाले. त्या रात्री त्याचा फोन आला तेव्हाचा त्याचा आवाज मी विसरलेली नाही. जे त्याच्या वाट्याला आले, ते मी दुसऱ्याच्या मुलाला कशी देऊ? आणि तिसरे आपल्या धर्माचे. व्रत आपण घेतो ते स्वतःसाठी. शेजाऱ्याच्या ताटाचे व्रत आपल्याला कोणी दिलेले नाही.

पण अडचण खरी आहे, आणि अडचणीवर उपाय मागता येतो. म्हणून आम्ही लिहिले की प्रत्येक स्वयंपाकघराचा धूर थेट गच्चीवर नेणारी नळी असावी, ती शेजारच्या खिडकीसमोर किंवा जिन्यात उघडू नये. ओला कचरा झाकणाच्या डब्यातून, रोज, ठरलेल्या वेळी जावा. कचऱ्याची खोली पाण्याच्या टाकीपासून लांब असावी. हे मागितले तर कोणालाच वाईट वाटत नाही, आणि सगळ्यांचीच सोय होते. त्या ताईंना माझे म्हणणे पटले नाही. त्यांनी आपल्या कागदावर त्यांचे म्हणणे लिहिलेच. लिहू दे, तो त्यांचा हक्क आहे. चहा आम्ही बरोबरच प्यायलो.

आता विहीर. आराखड्यात विहिरीच्या जागी तळघरात उतरणारा रॅम्प होता. विहीर बुजवायची असे कुठे लिहिले नव्हते, पण रॅम्प तिथूनच जात होता. चातुर्मासात किंवा विहारात मुनिमहाराज किंवा आर्यिका माताजी आपल्याकडे आल्या की चौका लागतो तो याच विहिरीच्या पाण्यावर. पाणी काढायचे, गाळायचे, गाळण्यातली जिवाणी पुन्हा त्याच पाण्यात सोडायची. हे आपल्याला माहीत आहे, पण आर्किटेक्टला कसे माहीत असणार? शिवाय महाराज पायीच चालणारे. एकविसाव्या मजल्यावर आहाराला कसे नेणार? म्हणून तळमजल्यावर एक साधी खोली असावी अशीही सूचना होती. तिथे इतर वेळी मुलांची शिकवणी होईल, ज्येष्ठांचा योग होईल, कोणाचे बारसे होईल.

मी सगळ्यांना सांगितले की विहिरीच्या कागदावर नुसते धर्माचे कारण लिहू नका. ते आपले कारण आहे, खरे आहे, ते लिहाच. पण विहीर चारही सोसायट्यांची आहे. उन्हाळ्यात टँकर आला नाही तेव्हा बागेला, गाड्या धुवायला, संडासला पाणी तिनेच दिले. पावसाचे पाणी मुरवायला याहून चांगली जागा कुठली? असे लिहिले की ज्यांचा आपल्या आहारविधीशी काही संबंध नाही, तेही आपल्या बाजूला येतात. आलेही. बंगल्यातल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी विहिरीची खोली आणि पाण्याची पातळी मोजून कागदाला जोडून दिली.

शेवटचा विषय माझ्या शेजारणीचा. त्यांना आपण काकू म्हणू. वय ७४, मूलबाळ नाही, काकांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतनाचे महिना ११ हजार येतात. दुसऱ्या मजल्यावर राहतात. गुडघे इतके दुखतात की दूध आणि भाजी त्या वरून दोरीला पिशवी बांधून घेतात. लिफ्टची गरज गल्लीत सगळ्यांत जास्त कोणाला असेल तर काकूंना. आणि पुनर्विकासाला सगळ्यांत जास्त घाबरतात त्याही काकूच.

मी त्यांच्याबरोबर बसून हिशोब केला. आज देखभालीचे महिना १,५०० रुपये. नव्या इमारतीत लिफ्ट, अग्निशमनाचे पंप, जनरेटर, सांडपाण्याचे यंत्र, चोवीस तास रखवाली. सल्लागारांनी चौरस फुटाला ६ रुपये सांगितले. ८५० फुटांचे ५,१०० रुपये. म्हणजे महिन्याला ३,६०० रुपये जास्त. बिल्डर घरटी ४ लाख कॉर्पस देऊ म्हणतो. ते साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २६ हजार, महिन्याला सुमारे २,१६६ रुपये व्याज. उरलेले १,४०० रुपये काकूंनी कुठून आणायचे? शिवाय वाढलेला मिळकत कर वेगळा. नुसत्या वाढीव देखभालीपुरते व्याज हवे असेल, तर कॉर्पस ६ लाख ६५ हजारांच्या घरात हवा. आणि तोसुद्धा महागाई वाढणार नाही असे धरून.

हा कागद काकूंनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. त्याबरोबर आणखी दोन मागण्या. सत्तरीच्या वरच्या सभासदांना तात्पुरते घर याच भागात, तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीत बिल्डरने शोधून द्यावे. त्यांनी दलालांच्या मागे फिरू नये. आणि भाड्याचे धनादेश वर्षाचे आगाऊ मिळावेत.

कायद्याची थोडी माहिती इथेच देते, सगळ्यांच्या उपयोगी पडेल. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी कलम ७९ अ खाली सरकारने ३ जानेवारी २००९ ला निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ ला ते सुधारले. आता एकूण सभासदांच्या ५१ टक्के लेखी संमतीने निर्णय होतो. सभेचे चित्रीकरण करावे लागते. बिल्डरकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी घ्यायची असते. काम साधारण दोन वर्षांत, फार तर तीन वर्षांत पुरे व्हावे असे त्यात आहे. बँक हमीचा मुद्दा कधीही सोडू नका. तोंडी आश्वासन बँकेत वटत नाही.

आणि महापालिका किंवा सरकार शहराच्या विकास आराखड्यात, नियमांत बदल करते, तेव्हाही वर्तमानपत्रात सूचना देऊन हरकती मागवल्या जातात. त्याला मुदत असते, नंतर सुनावणी असते. पुण्याच्या २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर हजारोंनी हरकती गेल्या होत्या, आणि मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ४ एफएसआय हा त्यातला मोठा वादाचा विषय होता. झाड तोडायचे असेल तरी वृक्ष अधिकाऱ्याची जाहीर सूचना निघते. त्या बारीक अक्षरांतल्या जाहिराती आपण पोळ्यांचा डबा पुसायला वापरतो. आधी वाचाव्यात आणि मग वापराव्यात, एवढेच म्हणते.

पंधरा दिवस संपले तेव्हा पेटीत ६८ कागद होते. त्यातले ४१ बायकांचे. समितीने ते विषयवार लावले आणि रविवारी सभेत एकेकाला उत्तर दिले. मुनिमहाराजांच्या आहाराच्या खोलीला सगळ्यांनी बहुउद्देशीय खोली म्हणून मान्यता दिली. इस्त्रीचे टेबल आणि स्वच्छतागृह नकाशात आले. धुराच्या नळ्या आणि कचऱ्याची खोली मान्य झाली. मंदिराच्या ट्रस्टने सकाळी अभिषेकाच्या वेळेत पायाचे यंत्र चालवू नये असे लिहिले होते. ते सकाळी आठनंतर चालेल असे ठरले. पाण्याच्या जोडणीचे लेखी उत्तर मागवले आहे, अजून आलेले नाही. फुटपाथ फक्त आपल्या हद्दीपुरता होईल, पुढचा महापालिकेकडे मागावा लागेल. त्याचा अर्ज मी आणि सून मिळून लिहीत आहोत.

विहिरीवर खूप वेळ चर्चा झाली. आर्किटेक्ट म्हणाले, रॅम्प दुसऱ्या बाजूने घेता येईल, पण सहा गाड्यांची जागा जाईल. मागच्या ओळीतून आवाज आला, ‘सहा गाड्या म्हणजे किती लाख झाले, कळते का?’ आमच्या ह्यांनी उठून सांगितले, ‘आमची दुसऱ्या गाडीची जागा त्यात धरा.’ मी त्यांच्याकडे बघतच राहिले. घरात असे काही बोलणे झाले नव्हते. मग आणखी चार जण उठले. सहावी जागा कोणी सोडायची यावर अर्धा तास गेला, शेवटी पाहुण्यांच्या पार्किंगमधून एक कमी करायचे ठरले. विहीर राहिली.

कॉर्पसवर बिल्डर साडेचारपर्यंत आला आहे. साडेसहा कुठे, साडेचार कुठे. काही सभासद म्हणतात, सगळ्यांना सारखेच मिळायला हवे, एकीसाठी वेगळे कसे? काही म्हणतात, लहान घर असलेल्यांचा देखभाल खर्च क्षेत्रफळावर न लावता थोडा कमी धरावा. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी वहीत लिहून ठेवले आहे. ज्यांची मोठी कुटुंबे आहेत, तीन मुलांच्या फिया आहेत, त्यांच्याकडेही जास्तीचे पैसे पडलेले नाहीत. कोणाचेच खोटे नाही.

अंतिम मतदान पुढच्या महिन्यात आहे. आमच्या घराचे मत ह्यांच्या नावावर आहे आणि ते ‘हो’ असेल. आम्ही दोघांनी बसून तसे ठरवले. ५१ टक्के होतीलच, अगदी ७० होतील. काकूंनी अजून संमतिपत्रावर सही केलेली नाही. परवा मला म्हणाल्या, ‘तुम्ही सगळ्या माझ्यासाठी एवढे करता, आणि मी आडमुठेपणा करते असे वाटते का गं?’ मी म्हणाले, ‘काकू, तुमचे घर आहे. तुम्हाला समजून घेऊन सही करायची आहे, कोणाला बरे वाटावे म्हणून नाही.’ त्यांच्यावर कोणी दबाव आणू नये असे मी समितीला लेखी कळवले आहे, आणि त्या कागदावर आमच्या गटातल्या एकोणीस जणींच्या सह्या आहेत. त्या शाकाहाराच्या ताईंचीही आहे.

तुमच्याकडे असा विषय निघाला असेल, तर एवढे करा. शेअर सर्टिफिकेट कपाटातून काढून त्यावर कोणाचे नाव आहे ते बघा. आराखडा स्वतः जाऊन बघा, ह्यांनी सांगितले त्यावर राहू नका. पाण्याचा आणि देखभालीचा हिशोब स्वतःच्या घराच्या आकड्यांनी करा. तुमच्या इमारतीत काकूंसारखे कोण आहे ते शोधा आणि त्यांच्यासमोर तो हिशोब मांडा. आणि तीन वाक्ये लिहा.

पुढच्या वेळी पर्युषणातल्या पारण्याच्या साध्या पदार्थांबद्दल लिहीन, असे कबूल केले आहे, ते विसरलेले नाही.

जय जिनेंद्र.